उन्हाळ्यात घरची बिअर: तापमान यंत्रावर सोपवून बाहेर कसे पडावे

उन्हाळ्यात घरी बिअर करायची असेल, तर कोणते माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि कोणते हॉप्स (कडवटपणा व सुगंध देणारी फुले) हा विचार थोडा मागे ठेवून, आंबणाऱ्या द्रवाचे तापमान पहिले तीन-चार दिवस आपण कसे सांभाळणार आहोत, या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते. ते मिळाले की उन्हाळ्यातला उरलेला वेळही मोकळा होतो. ब्रुइंगचे, म्हणजे माल्टचा गोड द्रव काढून उकळण्याचे, काम पाच-सहा तासांत आटोपते. त्यानंतरचे दोन आठवडे काम यीस्टने करायचे असते. त्या काळात फर्मेंटरपाशी (द्रव आंबवण्याच्या भांड्यापाशी) घुटमळत राहण्यापेक्षा जवळपासची टेकडी चढावी, नदीकाठाने सायकल चालवावी, आसपासच्या छोट्या ब्रुअरींमध्ये जाऊन इतरांनी केलेली बिअर लक्षपूर्वक चाखावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी घरी एक लहानसे, भरवशाचे यंत्र राखणीला ठेवावे लागते. ते कसे निवडावे, कसे जोडावे आणि त्याच्यावर किती विसंबावे, हे पुढे सविस्तर दिले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. घरी बिअर करण्याला काही देशांत पूर्ण मुभा आहे, काही ठिकाणी प्रमाणाची मर्यादा आहे, तर काही ठिकाणी परवान्याशिवाय ती करताच येत नाही. आपण राहतो तेथील कायदा आणि वयाची अट पाहूनच भांडी विकत घ्यावीत.

उष्णता येते कुठून

यीस्ट साखर आंबवते तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर उष्णताही निर्माण होते. १.०४८ इतक्या प्रारंभिक घनतेचे, म्हणजे पाण्याच्या १.०४८ पट दाट असलेले, २० लिटर वर्ट (न आंबलेला गोड द्रव) घेतले आणि त्यातील साखर आंबताना सुटणारी सगळी उष्णता द्रवातच कोंडून राहिली असे मानले, तर त्याचे तापमान सुमारे दहा अंशांनी चढेल. प्रत्यक्षात भांड्याच्या भिंतींतून बरीचशी उष्णता बाहेर निघून जाते, त्यामुळे आंबण्याचा जोर असताना आतला द्रव खोलीतील हवेपेक्षा साधारण तीन ते पाच अंशांनी गरम असतो. म्हणजे खोलीचे तापमान २८ अंश सेल्सिअस असेल, तर यीस्ट ३२ अंशांच्या आसपास काम करत असते. आणि एल प्रकारच्या (उबेत आंबणाऱ्या) बिअरच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंशांची, तर लागरच्या (थंडीत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला ८ ते १३ अंशांची गरज असते.

या तफावतीचा परिणाम चवीत स्पष्ट उतरतो. जास्त तापमानात यीस्ट वेगाने वाढते आणि त्या घाईत एस्टर (फळांसारख्या वासाची संयुगे) व फ्यूझेल अल्कोहोल (जड, उग्र अल्कोहोल) अधिक प्रमाणात तयार होतात. एस्टरमुळे पिकलेल्या केळ्याचा किंवा फळांचा वास येतो, जो काही शैलींमध्ये हवासा असतो. फ्यूझेल अल्कोहोलमुळे मात्र घशाला चटका लागतो, बिअरला रंगाच्या थिनरसारखी झाक येते, आणि बिअर पुढे कितीही महिने ठेवली तरी ती झाक पुरती जात नाही. यातले बहुतेक पदार्थ यीस्टच्या वाढीच्या काळात, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार होतात. म्हणूनच चौथ्या दिवशी आणलेल्या बर्फाचा फारसा उपयोग होत नाही, आणि म्हणूनच या लेखात पहिल्या ७२ तासांवर इतका भर दिला आहे.

जुन्या काळच्या ब्रुअरांना हे कारण ठाऊक नव्हते, पण परिणाम चांगलाच ठाऊक होता. बव्हेरियात १५५३ साली काढलेल्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई केली होती, आणि तेथील लोक वसंताच्या तोंडाशी करून थंड तळघरांत साठवलेली बिअर उन्हाळाभर पीत असत. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या साहाय्याने शीतयंत्र विकसित केल्यावर ऋतूचे हे बंधन खऱ्या अर्थाने सुटले. आपण घरी जोडतो तो फ्रिज आणि त्याची वीज तापमान पाहून चालू-बंद करणारा कंट्रोलर त्याच कामाचे छोटे रूप आहे.

थंडावा देण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग थंडावा देण्याचा नसून उष्णता मान्य करण्याचा आहे. नॉर्वेमधील शेतघरांत पिढ्यानपिढ्या जपले गेलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते, आणि सेझाँ या बेल्जियन बिअर शैलीची अनेक यीस्ट ३० अंशांच्या आसपास खुलतात. ज्याच्याकडे फ्रिज नाही आणि ज्याला पहिल्याच उन्हाळ्यात यश हवे आहे, त्याने क्वाइकपासून सुरुवात करावी, असे मी निःशंकपणे सांगेन. कमी घनतेच्या वर्टमध्ये क्वाइकला यीस्टचे पोषणद्रव्य थोडे अधिक द्यावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग पाण्याचा. फर्मेंटर रुंद टबात ठेवून टबात पाणी भरावे, भांड्याभोवती सुती कापड असे गुंडाळावे की त्याचे खालचे टोक पाण्यात बुडलेले राहील, आणि समोर पंखा लावावा. कापडातून वर चढलेले पाणी वाफ होताना भांड्याची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर या साध्या मांडणीने चार-पाच अंश सहज उतरतात. दमट हवेत मात्र पाण्याची वाफच नीट होत नाही, आणि तेथे बर्फाचा आधार घ्यावा लागतो. बर्फाचा हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, तर २० लिटर द्रव एका अंशाने थंड करण्यास सुमारे ८४ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे कागदावर एक किलो बर्फ चार अंशांचे काम करतो. टबातले पाणी आणि खोलीतली हवा यातला मोठा वाटा खाऊन टाकतात. म्हणून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्या लागतात, आणि या पद्धतीत माणूस घराशी बांधला जातो.

तिसरा मार्ग जुन्या फ्रिजचा. ज्याला उन्हाळ्यात बाहेर पडायचे आहे त्याच्यासाठी हाच खरा मार्ग आहे. फर्मेंटर आणि त्यावरचा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पाणी भरलेली छोटी झडप) आत मावतो का, हे विकत घेण्यापूर्वी टेपने मोजून पाहावे, कारण तळाशी मागच्या बाजूला कंप्रेसरचा उंचवटा असतो आणि तो नेमका अडचणीचा ठरतो. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंड स्थितीवर ठेवावा आणि फ्रिजची वीज बाहेरच्या कंट्रोलरमार्फत द्यावी, म्हणजे कंप्रेसर कधी चालवायचा हे तो कंट्रोलर ठरवेल. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे कंट्रोलरची क्षमता निवडताना फ्रिजच्या नेहमीच्या वापरापेक्षा बरीच मोकळीक ठेवावी.

ब्रुइंगच्या दिवशी उन्हाळा आणखी एका ठिकाणी आडवा येतो. उकळलेले वर्ट थंड करण्यासाठी तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचे पाणी खेळवले, तरी नळाचे पाणीच गरम असल्याने वर्ट २० अंशांपर्यंत येत नाही. अशा वेळी घाईने यीस्ट टाकू नये. नळाच्या पाण्याने जितके उतरेल तितके उतरवावे, मग निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये वर्ट भरून, झाकण घट्ट लावून ते फ्रिजमध्ये ठेवावे, आणि काही तासांनी, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, तापमान १८ अंशांवर आल्यावर यीस्ट टाकावे. भांडी स्वच्छ असतील तर एका रात्रीने काही बिघडत नाही. ३० अंशांवर टाकलेल्या यीस्टने मात्र निश्चित बिघडते. द्रव थंड होताना भांड्यातली हवा आकसते आणि एअरलॉकमधले पाणी आत ओढले जाते, म्हणून या काळात एअरलॉकऐवजी जंतुनाशक द्रावणात भिजवलेल्या कापसाचा बोळा लावणे उत्तम.

सेन्सर कुठे लावावा

तापमान हवेचे मोजायचे नसून बिअरचे मोजायचे आहे. सेन्सर फ्रिजमध्ये नुसता लोंबता ठेवला, तर दार उघडताच तो गरम होतो, कंप्रेसर सुरू होतो, हवा लगेच थंड होऊन तो बंद पडतो, आणि या सगळ्या धावपळीत आतली बिअर मात्र चार अंशांनी गरमच राहते. सेन्सर फर्मेंटरच्या बाहेरच्या भिंतीला, द्रवाच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि त्यावर जाड फोमचा तुकडा लावावा, म्हणजे फ्रिजमधल्या हवेचा परिणाम त्याच्यावर फारसा होणार नाही. सेन्सर ठेवण्यासाठी झाकणातून आत उतरणारी, टोक बंद असलेली स्टीलची थर्मोवेल नळी असेल तर त्याहून चांगले.

घरगुती कामासाठी डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर पुरेसा आहे. तो उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत अचूक असतो. पडद्यावर तो ०.०६२५ अंशाच्या पायरीने आकडे दाखवतो, पण आकड्यात चार दशांश स्थळे दिसतात म्हणून मोजणी तितकी अचूक आहे असे मानू नये. वापरण्यापूर्वी एका पेल्यात बर्फाचा चुरा भरून त्यात थोडे शुद्ध पाणी घालावे, सेन्सर त्यात बुडवून ढवळत राहावे आणि आकडा स्थिरावला की तो शून्यापासून किती दूर आहे हे लिहून ठेवावे. तो फरक पुढे प्रोग्राममध्ये वजा करता येतो. बाजारात जलरोधक म्हणून मिळणाऱ्या नळीच्या मागच्या तोंडातून पाणी शिरू शकते, म्हणून तेथे सिलिकॉन लावून घ्यावे.

कंट्रोलर आणि त्याची शिस्त

येथे दोन कामे वेगळी करावीत, असे माझे ठाम मत आहे. एक काम विजेची जोडणी चालू-बंद करण्याचे आणि दुसरे नोंद ठेवून आपल्याला कळवण्याचे. घरच्या विजेच्या मुख्य दाबावर काम करण्याचे प्रशिक्षण नसेल, तर पहिल्या कामासाठी तयार मिळणारा दोन सॉकेटांचा तापमान कंट्रोलर आणावा. त्यात थंडाव्याचा आणि उबेचा असे दोन वेगळे मार्ग असतात. स्वतः जोडणी करणाऱ्याने रिले (वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच) बंद खोक्यात बसवावा, फ्रिजला अर्थिंग असल्याची खात्री करावी, त्या मार्गावर आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी, आणि तारा सॉकेटकडे जाताना खाली झोळ घेऊन वर जाव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. फ्रिजच्या आत-बाहेर पाण्याचे थेंब उन्हाळ्यात हमखास जमतात, आणि ब्रुइंग म्हणजे पाण्याचेच काम असते.

कंट्रोलरवर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली म्हणजे लक्ष्य तापमान. एलसाठी पहिल्या तीन दिवसांना मी १८ किंवा १९ अंश सुचवेन. दुसरी म्हणजे फरकाची मर्यादा, म्हणजे लक्ष्यापासून किती दूर गेल्यावर कंप्रेसरने जागे व्हावे. सेन्सर भांड्याला नीट लावलेला असेल तर अर्धा अंश योग्य. त्याहून कमी ठेवले तर कंप्रेसर सारखा सुरू-बंद होतो, आणि २० लिटर द्रवाला इतक्या बारीक नियंत्रणाची गरजही नसते. तिसरी म्हणजे कंप्रेसरची विश्रांती. एकदा बंद झाल्यावर आतील वायूचा दाब समतोल होण्यासाठी त्याला किमान तीन ते पाच मिनिटे मिळाली पाहिजेत, अन्यथा मोटार दाबाविरुद्ध सुरू होण्याचा प्रयत्न करते आणि जळण्याचा धोका असतो. वीज जाऊन परत आल्यावरही ही विश्रांती पाळली जाते का, हे प्लग काढून-लावून स्वतः पाहून घ्यावे.

उबेचा मार्ग उन्हाळ्यात बहुधा रिकामाच ठेवता येतो. आंबण्याच्या शेवटी तापमान दोन-तीन अंशांनी वाढवायचे असते, पण त्यासाठी लक्ष्य वर सरकवले की पुरे. खोलीची ऊब उरलेले काम करते.

दुसऱ्या कामासाठी ईएसपी३२ हे वायफाय असलेले छोटे बोर्ड उत्तम आहे. सेन्सरच्या तीन तारांपैकी एक ३.३ व्होल्टला, एक ग्राउंडला आणि एक डेटाच्या पिनेला जोडावी, आणि डेटा व ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. तो राहून गेला तर सेन्सर बोलतच नाही. प्रोग्राम लिहिण्याची सवय नसलेल्यांनी ईएसपीहोम ही तयार प्रणाली वापरावी, त्यात काही ओळींची मांडणी करून सेन्सर होम असिस्टंट या घरातील उपकरणे पाहण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आणता येतो. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी दोन आकडे कटाक्षाने गाळावेत. वीज नुकतीच आली असताना आणि मोजणी पूर्ण होण्यापूर्वी हा सेन्सर ८५ अंश असा आकडा देतो, आणि तार सुटली असेल तर या सेन्सरसाठीची प्रचलित अर्डुइनो लायब्ररी (तयार प्रोग्रामसंच) उणे १२७ अंश दाखवते. हे आकडे खरे मानून निर्णय घेणारा प्रोग्राम पहिल्या वेळी कंप्रेसर विनाकारण चालवेल, आणि दुसऱ्या वेळी बिअर गोठली आहे असे समजून भर उन्हात फ्रिज बंद ठेवेल. बारा बिटांची (सर्वांत बारीक पायरीची) मोजणी पूर्ण होण्यास ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढे थांबावे. दर मिनिटाला एक नोंद पुष्कळ झाली.

यंत्र निवडताना एक नियम मोडू नये: तापमान राखण्याचा निर्णय फ्रिजशेजारच्या यंत्रातच झाला पाहिजे. वायफाय गेले, राउटर अडकला, दूरचा सर्व्हर बंद पडला, तरी कंप्रेसर ठरल्याप्रमाणे चालत राहिला पाहिजे. इंटरनेट हे आपल्याला कळवण्यासाठी आहे. बिअर त्यावर अवलंबून ठेवू नये.

घनता दुरून पाहणे

तापमानाबरोबर घनता कळली तर आंबणे कोणत्या टप्प्यावर आहे हे घरापासून दूर असतानाही समजते. यासाठी द्रवात तरंगणारी साधने मिळतात. साखर कमी होऊन द्रव विरळ होत जाईल तसतसा त्यांचा तिरपेपणा बदलतो आणि त्या कोनावरून घनता काढली जाते. आयस्पिंडल ही अशीच घरी जोडता येणारी मुक्त रचना आहे: पारदर्शक नळीत ईएसपी८२६६ बोर्ड, कोन मोजणारी चिप, डीएस१८बी२० सेन्सर आणि १८६५० आकाराची बॅटरी. दर १५ मिनिटांनी जागे होऊन एक नोंद पाठवायची आणि पुन्हा झोपायचे, अशी त्याची रचना ठेवली तर बॅटरी पूर्ण बॅचभर (एका खेपेची बिअर होईपर्यंत) आरामात टिकते. पाणी आणि फ्रिजचा पत्रा दोन्ही वायफायच्या लहरी अडवतात, म्हणून राउटर किंवा सिग्नल पुढे नेणारे उपकरण फ्रिजच्या जवळ असावे.

या साधनाच्या आकड्यांकडे कल म्हणून पाहावे. फेसाचा जाड थर चढला की तो साधनाला चिकटतो आणि आकडे काही काळ उड्या मारतात. घनता खाली चालली आहे, मंदावली आहे, थांबली आहे, एवढे त्यातून खात्रीने कळते. बाटल्या भरण्याचा निर्णय मात्र काचेच्या हायड्रोमीटरनेच (द्रवात तरंगून घनता दाखवणाऱ्या नळीने) घ्यावा. हायड्रोमीटर कोणत्या तापमानासाठी आखलेला आहे हे त्याच्यावरच छापलेले असते. २० अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या नमुन्यात सुमारे ०.००२५ कमी दाखवतो, आणि उन्हाळ्यात ही दुरुस्ती विसरता कामा नये. प्रारंभिक घनतेतून अंतिम घनता वजा करून १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण मिळते: १.०४८ वरून १.०१० वर आलेली बिअर साधारण ५ टक्क्यांची.

किती दूर जावे, केव्हा जावे

आता बाहेर पडण्याचे वेळापत्रक. यीस्ट टाकल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे असल्याने, त्या काळात तासा-दोन तासांत परतता येईल इतक्याच अंतरावर जावे. सकाळची पायी फेरी, जवळच्या तलावापर्यंत सायकल, संध्याकाळी एखादी ब्रुअरी: हे सगळे त्यात बसते. चौथ्या-पाचव्या दिवशी घनता अंतिम आकड्याच्या जवळ येऊ लागली की लक्ष्य २१ किंवा २२ अंशांवर न्यावे, म्हणजे यीस्टने सुरुवातीला बाहेर टाकलेले डायअसिटिल ते स्वतःच पुन्हा शोषून घेते. हे राहून गेले तर बिअरला लोण्यासारखा वास येतो. त्यानंतर आठवडाभर खुशाल लांबच्या सहलीला जावे. या टप्प्यावर दोन-चार अंश इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही, आणि झाकण उघडून पाहणाऱ्याच्या बिअरला उलट ऑक्सिजनची बाधा होते.

फोनवर येणाऱ्या सूचना दोनच ठेवाव्यात. लक्ष्यापेक्षा दोन अंशांनी तापमान वाढून अर्धा तास तसेच राहिले तर एक, आणि तासभर एकही नोंद आली नाही तर दुसरी. सूचना दर काही मिनिटांनी येऊ लागल्या की माणूस त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि मग खरी सूचनाही वाया जाते. दुसरी सूचना घराबाहेरच्या सेवेकडून यावी अशी व्यवस्था करावी, कारण घरचे इंटरनेट किंवा वीज गेल्यावर घरातला संगणक काहीच कळवू शकत नाही. त्याचे गप्प होणे ओळखणारे कोणीतरी बाहेर हवे. घरी राहणाऱ्या कोणाला किंवा शेजाऱ्यांना प्लग काढून पाच मिनिटांनी लावणे आणि गोठवलेल्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवणे, एवढे दाखवून ठेवले तर बहुतेक प्रसंग निभावतात.

जाताना एक सुरक्षिततेची बाब पाहावी. वरच्या उदाहरणातील २० लिटरच्या बॅचमधून आठवड्याभरात सुमारे ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरासारख्या बंद, सखल जागेत साठू शकतो. फ्रिज हवेशीर खोलीतच असावा.

सहलीसाठी नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवावा; ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर आधारित अनेक ॲप विनानेटवर्क चालतात आणि मार्गाची नोंद जीपीएक्स फाइलमध्ये करतात. जीपीएस फक्त उपग्रहांचे संकेत ऐकत असल्याने बहुतेक फोनमध्ये ते विमान मोडमध्येही चालते. दर तासाला एकदा नेटवर्क सुरू करून फ्रिजची स्थिती पाहिली आणि पुन्हा बंद केले, तर दिवसभर बॅटरी पुरते.

ब्रुअरीत चाखताना

छोट्या ब्रुअरीतील भेट ही घरी ब्रुइंग करणाऱ्याची शाळा आहे. मोठे ग्लास मागवण्यापेक्षा १०० मिलिलिटरचे तीन-चार नमुने घ्यावेत. हलक्यापासून गडदाकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे आणि सौम्यापासून तीव्राकडे असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येक नमुन्यानंतर पाणी प्यावे. नमुना फार थंड आला तर हातात धरून थोडा ऊबदार होऊ द्यावा, कारण ४ अंशांवर जवळजवळ सगळेच दोष झाकले जातात आणि ८-१० अंशांवर ते बोलू लागतात. लोणी म्हणजे डायअसिटिल, हिरवे सफरचंद म्हणजे असिटाल्डिहाइड, उकडलेला मका म्हणजे डायमिथाइल सल्फाइड, चटका म्हणजे फ्यूझेल: हे चार वास ओळखता आले की स्वतःच्या फर्मेंटरचा आलेखही वेगळ्या नजरेने वाचता येतो. इतरांनी दिलेले गुण पाहण्यापूर्वी आपली नोंद फोनमध्ये लिहावी, कारण दुसऱ्याचा शब्द एकदा वाचला की नाक तोच वास शोधू लागते. ब्रुअर भेटला आणि त्याला सवड असेल, तर यीस्ट कोणते आणि पहिल्या दिवशी तापमान किती ठेवले, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. बहुतेक ब्रुअर त्यांची उत्तरे आनंदाने देतात.

उन्हात चालून आल्यावर अल्कोहोल लवकर चढते आणि शरीरातले पाणीही कमी करते. म्हणून आधी पाणी, मग बिअर, आणि परतीचा प्रवास नेहमी दुसऱ्याच्या चाकावर: बस, रेल्वे किंवा न पिणारा सोबती. पोहणे आणि कडा चढणे ही कामे चाखण्यापूर्वी उरकावीत.

तेथून बिअर घरी आणायची असेल, तर कॅन उत्तम आणि तपकिरी बाटली चालेल. हॉप्समधील कडू द्रव्यांवर ऊन पडले की गंधकयुक्त थायॉल तयार होते आणि स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास येतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत, तसेच उन्हात ठेवलेल्या ग्लासातही, हा बदल काही मिनिटांत होतो. उष्णतेने बिअर शिळी होण्याचा वेगही वाढतो, म्हणून तापलेल्या गाडीत ती ठेवू नये.

बाटल्या भरणे आणि सोबत नेणे

हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आला, म्हणजे आंबणे संपले. मग लक्ष्य २ ते ४ अंशांवर आणून दोन दिवस ठेवावे, म्हणजे यीस्ट तळाशी बसते. येथेही एअरलॉकमधले पाणी आत ओढले जाण्याची काळजी घ्यावी. बाटलीत वायू तयार होण्यासाठी दर लिटरला साधारण ६ ते ७ ग्रॅम साखर पुरते. साखरेचे प्रमाण काढणारी ॲप बिअरचे तापमान विचारतात, तेव्हा फ्रिजमधला आजचा आकडा न देता, आंबणे संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत वरच्या तापमानावर राहिली होती तो आकडा द्यावा, कारण विरघळून राहिलेला वायू त्यावर ठरतो. येथे आपल्या नोंदींचा आलेख थेट उपयोगी पडतो.

भरलेल्या बाटल्या २० ते २४ अंशांवर दोन आठवडे अंधारात ठेवाव्यात. उन्हाळ्यात यासाठी घरातील सर्वांत थंड कोपरा शोधावा, बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात उभ्या ठेवाव्यात, आणि एखादी बाटली अपेक्षेपेक्षा जास्त फेसाळली तर सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये हलवाव्यात. अंतिम घनता गाठण्याआधी भरलेल्या बाटल्या गरम खोलीत फुटू शकतात.

स्वतःची बिअर पुढच्या सहलीला न्यायची असेल, तर ती एक-दोन दिवस आधी फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे तळाचा यीस्टचा थर घट्ट बसतो. नेताना बाटल्या बर्फाच्या पिशव्यांसह उष्णतारोधक पेटीत उभ्याच ठेवाव्यात, मुक्कामी पोहोचल्यावर अर्धा तास न हलवता सावलीत राहू द्याव्यात, आणि ओतताना बाटली एकदाच तिरपी करून, तळाचा बोटभर भाग आत राखून, सगळे ग्लास एकापाठोपाठ भरावेत.